घाटमाथ्यावरचा देव आणि विटेवरचा

दरवर्षी ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी पुणं सोडून सासवडकडे वळली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक फोटो हमखास येतो. दिवे घाटाचा, उंचावरून काढलेला, हल्ली ड्रोनने. वळणावळणाचा रस्ता, त्यावर पांढऱ्या टोप्यांचे आणि भगव्या पताकांचे ठिपके, मधेच रथ. पहिली दिंडी आणि शेवटची दिंडी एकाच चौकटीत. घाट चढणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतात पुढच्याच्या टाचा. मागे किती लोक आहेत हे त्याला टाळांच्या आवाजावरून कळतं, आणि पुढचं वळण ते आल्यावर.

ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, म्हणजे १२७४ साली, इटलीत थॉमस अक्वायनस नावाचा एक ख्रिस्ती साधू वारला. देवाला भविष्य कसं कळतं हे समजावताना त्याने जवळजवळ हाच फोटो शब्दांत काढून ठेवला आहे. रस्त्याने चालणाऱ्याला आपल्या मागून येणारे दिसत नाहीत, पण उंचावरून सगळा रस्ता पाहणाऱ्याला सगळेच वाटसरू एकदम दिसतात. आपण काळाच्या रस्त्यावर आहोत, देव उंचावर आहे. त्याला काल, आज, उद्या एकाच नजरेत दिसतं.

चित्र देखणं आहे. देव असा आहे हे मात्र मला पटत नाही. विषय तत्त्वज्ञांनी चघळायचा आहे असं वाटेल, पण मला तो भेटला नदीकाठी, एका दहाव्याला.

नात्यातला तिशीतला मुलगा रात्री दुचाकीवरून घरी येताना खड्ड्यात आदळून गेला होता. पिंड मांडलेला, सगळे कावळ्याची वाट बघत उभे. कावळा झाडावर होता, खाली येत नव्हता. तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "त्याची वेळच भरली होती. सटवीनं लिहिलेलं कुणाला चुकलंय?" दहा-पंधरा माना हलल्या. त्याच्या आईची हलली नाही. गृहस्थांनी सांत्वनच केलं होतं, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या एका वाक्याने खड्डा बुजला. प्रत्यक्षातला नव्हे, तो पुढचा पावसाळाभर तसाच होता. ज्यांनी तो बुजवायचा त्यांच्या वाट्याचा बुजला. अपघात, पूल पडणं, उशिरा सापडलेला आजार, कर्जापायी घेतलेला गळफास, सगळ्यांवर आपल्याकडे हे वाक्य चालतं. देवाला आधीच ठाऊक होतं, म्हणजे ते व्हायचंच होतं, म्हणजे कुणी काही करू शकलं नसतं. या साखळीतल्या पहिल्या कडीबद्दल मला बोलायचं आहे, कारण पुढच्या दोन तिच्यावरच लोंबकळत आहेत.

साखळी दिसते तितकी मूर्खपणाची नाही. समजा, उद्या एकादशी आहे. माझा उपास आहे, पण स्टेशनबाहेरच्या गाडीवर गरम वडापाव दिसल्यावर तो टिकेलच असं नाही. आता देव सर्वज्ञ आहे आणि चुकत नाही असं धरलं, तर मी उद्या वडापाव खाणार आहे की नाही हे त्याला हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. समजा, खाणार हे ठाऊक होतं. मग उद्या गाडीसमोर उभं राहून मी पाठ फिरवू शकतो का? फिरवली तर देव हजार वर्षांपूर्वी चुकला होता असं होईल, आणि तो चुकत नाही. त्याचं ते जाणणं भूतकाळात जमा झालंय, भूतकाळ माझ्या हातात नाही. मग वडापावही माझ्या हातात नाही, फक्त तोंडात आहे. नेल्सन पाइक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६५ साली हा पेच इतका घट्ट बांधला, की त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

यावरचं एक जुनं आणि सगळ्यात सुंदर उत्तर तुरुंगात लिहिलं गेलं. बोएथियस हा रोमचा सरदार ५१० साली कॉन्सल, म्हणजे रोममधल्या सर्वोच्च मानाच्या पदावर, गेला. ५२२ साली त्याच्या दोन्ही मुलांना एकाच वर्षी तो मान मिळाला. थोड्याच दिवसांत थिओडोरिक राजाने त्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली उत्तर इटलीतल्या पावियात डांबलं, आणि ५२४च्या सुमारास मारून टाकलं. मधल्या काळात त्याने एक संवाद लिहिला. कोठडीत तत्त्वज्ञान बाईचं रूप घेऊन येतं आणि त्याची समजूत घालतं. शेवटच्या भागात ती बाई सांगते की देवाला काही 'आधी' ठाऊक नसतंच. आधी आणि नंतर ही आपली भाषा. अनंत जीवन सगळंच्या सगळं, एकाच वेळी, पूर्णपणे ताब्यात असणं, ही तिची शाश्वततेची व्याख्या. मी वडापाव खाताना देव मला पाहतो, जसा गाडीवाला मला पाहतो. पाहिलं म्हणून मला खावं लागत नाही. हजार वर्षांपूर्वीचं जाणणं हा प्रकारच उरत नाही.

ही व्याख्या वाचताना ती कुणी लिहिली हे माझ्याच्याने विसरवत नाही. ज्याच्या हातून हुद्दा, घर, मुलं, उरलेले दिवस असं एकेक निसटत होतं, त्याने ज्याच्या हातून काहीच निसटत नाही अशा देवाची व्याख्या केली. पेच सोडवण्याची हुशारी तिच्यात आहेच, पण आधी भूक आहे.

इथे मराठीत शब्दांची एक गडबड आपण नेहमी करतो, ती निस्तरायला हवी. देवाला आपण एका दमात अनादी, अनंत, सनातन, शाश्वत, कालातीत म्हणतो, जणू हे सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, जो सगळ्या काळात आहे, ज्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही, पण ज्याच्या लेखी कालचा दिवस काल होता. दुसरी, जो काळातच नाही, ज्याच्या लेखी काल आणि आज असा फरकच नाही. अश्वत्थामा चिरंजीव आहे, त्याला कुणी कालातीत म्हणत नाही. कपाळावरची जखम घेऊन तो एकेक दिवस काढतो आहे. काळात सदैव असणं आणि काळाबाहेर असणं यांत दिवे घाट चढणं आणि तो वरून पाहणं एवढं अंतर आहे.

आपल्या परंपरेने यातली एकच बाजू घेतली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. योगसूत्रांचा ईश्वर पूर्वजांचाही गुरू आहे, 'कालेनानवच्छेदात्', काळ त्याला तोडत नाही म्हणून. वैशेषिकांनी काळाला नऊ द्रव्यांपैकी एक ठरवलं, एकसंध, सर्वव्यापी, नित्य. आधी-नंतर, एकदम, उशिरा, लवकर या आपल्या जाणिवांवरून त्याचं अनुमान करायचं. मग बंगालात नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने त्याच परंपरेच्या आत बसून सांगितलं, की दिशा आणि काळ ही ईश्वराहून वेगळी द्रव्यं मानण्याची गरजच नाही. म्हणजे देव काळात की काळाबाहेर, हा प्रश्नच त्याने उलटा केला: काळच देवात.

आणि गीता तर दोन्हीकडे आहे. चौथ्या अध्यायात कृष्ण म्हणतो, माझे पुष्कळ जन्म होऊन गेले आणि तुझेही. 'होऊन गेले' म्हणणाऱ्याला भूतकाळ आहे. सातव्यात तोच म्हणतो, झालेली, असलेली आणि होणारी सगळी भूतं मी जाणतो. अकराव्यात तो 'कालोऽस्मि' म्हणून उभा राहतो आणि सांगतो, यांना मी आधीच मारलेलं आहे, तू फक्त निमित्त हो. मला नेहमी वाटतं, अर्जुनाने इथे रथातून उतरून घरी जायला हवं होतं. मारलेलेच आहेत तर माझं काय काम? तो गेला नाही हे खरं, पण अठराव्या अध्यायात कृष्णाने त्याला जे ऐकवलं ते या आधीच्या वाक्याच्या छातीवर पाय देणारं आहे: सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. 'यथेच्छसि तथा कुरु.' अंत्ययात्रेत, दहाव्याला, तेराव्याला आपल्याला 'निमित्तमात्र' ऐकवणारे शंभर भेटतात. 'यथेच्छसि' ऐकवणारा मला अजून भेटायचा आहे.

तर, बोएथियसच्या उत्तरात खोट कुठे आहे?

पहिली खोट अँथनी केनी या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६९ साली दाखवली. केनी एकेकाळी कॅथलिक धर्मगुरू होते, घरातलीच माहिती होती त्यांना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मी आत्ता टाइप करतोय ही क्रिया देवाच्या शाश्वत क्षणाशी एककालिक, म्हणजे त्याच वेळची आहे. रोमची आगही त्याच क्षणाशी एककालिक आहे. मग मी टाइप करत असताना, रोम जळताना फिडल वाजवणारा दंतकथेतला सम्राट नीरोही फिडल वाजवतो आहे. हसू येतं, पण उत्तर सुचत नाही. एलिनॉर स्टंप आणि नॉर्मन क्रेट्झमन या दोघांनी १९८१ साली वेगळ्या जातीची एककालिकता मांडून सुटका करायचा प्रयत्न केला. काळातल्या गोष्टी शाश्वताशी एककालिक असतात, पण त्यामुळे आपापसात होत नाहीत. रचना काटेकोर आहे, तर्कदोष चटकन सापडत नाही. मला मात्र ते फुटक्या हंड्याला नवं नाव दिल्यासारखं वाटतं.

दुसरी खोट साधी आहे आणि दहाव्याच्या गृहस्थांना तीच लागू पडते. भूतकाळ माझ्या हातात नाही म्हणून पेच पडला होता. देवाचं जाणणं भूतकाळातून उचलून काळाबाहेर ठेवलं, तर ते माझ्या हातात येतं का? उलट आणखी लांब गेलं. सटवाई निदान एका विशिष्ट रात्री येते. पाचवी-सहावीला पाटावर तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. कागद कोरा असतो, म्हणजे ती यायच्या आधी काहीतरी लिहायचं बाकी होतं. कालातीत देवाच्या घरी कोरा कागद कधी नव्हताच.

तिसरी खोट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती दाखवली आर्थर प्रायर या न्यूझीलंडच्या तर्कशास्त्रज्ञाने. १९५९ सालच्या त्याच्या एका टिपणाचा विषय एवढाच, की त्रास संपल्यावर माणूस जे म्हणतो त्याचा अर्थ काय. 'सुटलो एकदाचा!' बारावीचा शेवटचा पेपर देऊन पोरगं वर्गाबाहेर येतं आणि हे म्हणतं. त्याचा अर्थ 'पेपर अमुक तारखेला दुपारी दोन वाजता संपतो' असा नाही. ते तर त्याला महिनाभर आधीपासून ठाऊक होतं, वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं, तेव्हा काही सुटका वाटली नव्हती. सुटका वाटते ती ते *आत्ता* संपलं म्हणून. जो काळाबाहेर आहे त्याच्याकडे सगळं वेळापत्रक आहे, पण 'आत्ता' नाही. पेपर केव्हा संपतो हे त्याला ठाऊक असतं. संपला, हे ठाऊक असू शकत नाही. ड्रोनच्या फोटोत सगळा घाट येतो, फक्त 'आपण इथवर आलो' हे येत नाही.

म्हणजे सर्वज्ञता वाचवण्यासाठी देवाला काळाबाहेर काढला, आणि तिथे पोहोचल्यावर त्याला किती वाजले हेच कळेनासं झालं.

यावर आपल्याकडची एक रोजची गोष्ट मला आठवते, जिच्याकडे तत्त्वज्ञान म्हणून कुणी बघत नाही. कुठल्याही पूजेच्या सुरुवातीला भटजी संकल्प सोडायला लावतात. आपण पळीभर पाणी हातात घेऊन बसतो आणि ते भरभर म्हणत सुटतात. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युगचक्र, त्यातलं कलियुग, त्याचा पहिला चरण, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. मधेच गोदावरीच्या कुठल्या तीरावर बसलोय तेही. मग गोत्र, नाव, आणि सगळ्यात शेवटी काय हवंय ते. लहानपणी मला हा वेळकाढूपणा वाटायचा. आता वाटतं, प्रायरला जे म्हणायचं होतं ते इथे पाण्याच्या पळीत आहे. देवाकडे काही मागण्याआधी त्याला तारीख आणि पत्ता सांगायचा. अब्जावधी वर्षांच्या हिशोबातून खाली उतरत उतरत 'अद्य'वर बोट ठेवायचं. कालातीत देवाला हे सगळं निरर्थक आहे; त्याच्या लेखी 'अद्य' हा शब्दच रिकामा. ज्यांनी संकल्प रचला त्यांच्या मनातला देव ऐकून घेणारा होता, आणि ऐकायला वेळ लागतो.

विज्ञान मदतीला येईल असं काहींना वाटतं. आइनस्टाइनचा १९०५ सालचा सापेक्षतावाद आणि तीन वर्षांनी मिंकोव्हस्कीने त्यातून काढलेलं चार मितींचं विश्व, यांत सगळ्यांसाठी एकच असं 'आत्ता' सापडत नाही. मार्च १९५५मध्ये मिशेल बेसो हा जुना मित्र गेला, तेव्हा आइनस्टाइनने त्याच्या घरच्यांना लिहिलं की आम्हा भौतिकशास्त्र्यांच्या लेखी भूत, वर्तमान आणि भविष्य हा फरक म्हणजे एक चिवट भ्रम आहे. महिनाभरात तोही गेला. सांत्वनाची चिठ्ठी म्हणून हे वाक्य दहाव्याच्या वाक्याहून फार वेगळं नाही, आणि मी ते चिठ्ठी म्हणूनच वाचतो. त्या सिद्धांताने जर काही केलं असेल तर घाटमाथाच काढून टाकला आहे; सगळा रस्ता एकदम दिसावा अशी जागा त्यात कुणालाच दिलेली नाही. सगळं विश्व एकदम *असणं* आणि ते कुणीतरी एकदम *पाहणं* या निराळ्या गोष्टी आहेत.

याच ओघात रैवताची गोष्ट मोबाइलवर फिरत असते. रेवतीसाठी वर विचारायला राजा तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला, तिथे गाणं चालू होतं म्हणून थोडं थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली. 'आपल्या ऋषींना सापेक्षता ठाऊक होती' असं खाली लिहिलेलं असतं. जाऊ द्या. पण गोष्टीत एक तपशील आहे जो पुढे पाठवणारे वाचत नाहीत. ब्रह्मलोकातही गाणं सुरू होतं आणि संपतं. तिथेही थांबावं लागतं. तिथलं घड्याळ संथ आहे, पण घड्याळ आहे.

आता विटेकडे.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, दारात देव आला, पुंडलिक म्हणाला हातातलं काम होऊ दे, आणि बसायला म्हणा उभं राहायला म्हणा, एक वीट सरकवली. देव उभा राहिला. आरती म्हणते 'युगे अठ्ठावीस विटेवरी उभा'. अठ्ठावीसचा अर्थ लावायला पंडित पुढे सरसावतात. कुणी चार वेद, सहा शास्त्रं, अठरा पुराणं अशी बेरीज करतात, कुणी संकल्पातलं अठ्ठाविसावं युगचक्र दाखवतात. मला त्यातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही, 'उभा' वाटतं.

वाट पाहणं ही क्रिया कालातीताला करताच येत नाही. वाट पाहायची तर काहीतरी अजून व्हायचं असावं लागतं. ते होईल की नाही याला थोडी तरी जागा असावी लागते, आणि मधला वेळ जावा लागतो. अक्वायनसच्या देवाला पुंडलिकाची सेवा सुरू झालेली, संपलेली, मधली, सगळी एकदम दिसते. त्याला दारात उभं राहायचं कारणच काय? विठोबाला कारण आहे, कारण त्याच्यासाठी पुंडलिकाचं काम खरंच अजून संपलेलं नाही. आपल्या भक्तीला लोक भाबडी म्हणतात आणि वेदांताला खोल. मला उलटं वाटतं. काळाबाहेरचा देव कल्पणं सोपं आहे, त्याच्याबद्दल काहीच सांगावं लागत नाही. सगळ्या क्रियापदांना 'तसं नव्हे' म्हटलं की झालं. जो सर्वशक्तिमान असून थांबतो, ज्याला माणसाच्या एका छोट्या कामाची वेळ मोडवत नाही, असा देव विचारात धरून ठेवणं कठीण आहे. वारकऱ्यांनी तो शेकडो वर्षं धरून ठेवला.

डोंगरावर न बसता हा देव रस्त्याच्या शेवटी उभा आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वर बसलेल्याला हे अंतर एका नजरेत संपतं. शेवटी उभ्या असलेल्याला ते तुम्ही चालाल तेव्हाच संपतं.

याची किंमत आहे. ती न सांगता पुढे गेलो तर मीही दहाव्याच्या गृहस्थांसारखाच होईन. देव काळात असेल आणि उद्या खरोखर अजून व्हायचा असेल, तर माझा वडापाव त्याला ठाऊक नाही. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तेव्हा आठ वर्षांचा असलेला दक्षिण फ्रान्समधला एक ज्यू मुलगा, पुढे मोठा गणिती आणि तत्त्वज्ञ झालेला लेवी बेन गेर्शोन, हे सरळ कबूल करून बसला: माणसं आपल्या मर्जीने जे करणार आहेत ते देवाला आधी ठाऊक नसतं, आणि त्यात देवाचं काही कमी नाही, कारण जाणण्यासारखं तिथे अजून काही नाहीच. त्याच्या लोकांना ते पचलं नाही. मला पचतं. जे अजून नाही ते न जाणणं हे अज्ञान नव्हे, जसं शून्य रुपये न मोजणं ही हिशोबातली चूक नव्हे. गीतेच्या सातव्या अध्यायातलं 'भविष्याणि' मला अडचणीत आणतं हे मान्य. तिथे मी अठराव्याचा हात धरतो.

दुसरी किंमत जास्त बोचरी आहे, आणि ती बोएथियसच्या कोठडीतून येते. काळात असलेल्याच्या हातून गोष्टी निसटतात. देव काळात असेल तर त्याच्याही हातून निसटतात का? तो मुलगा देवालाही आता 'होता' झाला का? निकोलस वोल्टरस्टॉर्फ या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७५ साली मांडलं की बायबलचा देव माणसांना प्रतिसाद देतो, त्याच्या कृतींना क्रम आहे, तेव्हा तो कालातीत असू शकत नाही. तो काळातच आहे, सदैव. हे लिहिताना ते एका शास्त्रीय वादात एक बाजू घेत होते. आठ वर्षांनी त्यांचा पंचवीस वर्षांचा मुलगा गिर्यारोहण करताना गेला. त्यानंतर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात वादाचा मागमूस नाही. देव आपल्या दुःखाचं स्पष्टीकरण देण्याऐवजी त्यात वाटेकरी होतो, असं ते म्हणतात. वाटेकरी होणाऱ्या देवालाही काहीतरी गमवावं लागतं, हे त्यांनी लपवलेलं नाही.

मराठीत 'काळ' म्हणजे वेळही आणि मृत्यूही. अपघातातून वाचलेला म्हणतो, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. दहाव्याला आपण ते वाक्य उलटं करून वापरतो, वेळ आली होती, आणि वाटतं की तर्क तोच आहे. तो नाही. वाचलेला माणूस थरथरत एवढंच सांगतो की थोडक्यात हुकलं, म्हणजे दोन्ही होऊ शकत होतं. गेलेल्याबद्दल तेच वाक्य बोललं की एकच होऊ शकत होतं असं होतं. पहिल्यात देवाचे आभार आहेत. दुसऱ्यात देवाला साक्षीदार म्हणून उभं केलं आहे, खड्ड्याच्या बाजूने.

त्या दिवशी कावळा शेवटी शिवला. कुणीतरी मुलाच्या आईला विचारलं होतं, काही राहिलंय का त्याचं? तिने पिंडाकडे बघून, त्याच्या बहिणीचं शिक्षण मी पुरं करीन असं मोठ्याने सांगितलं, आणि मग थोड्या वेळाने कावळा खाली आला. कावळ्याला काय कळतं याबद्दल माझं काही मत नाही. पण सगळं आधीच लिहिलेलं आहे असं मानणाऱ्या त्या दहा-पंधरा माणसांनी तेवढा वेळ श्वास रोखून धरला होता, हे मी पाहिलं.

पंचांग म्हणतं, आषाढी एकादशीला देव झोपतो तो कार्तिकीला उठतो. देवशयनी. पंढरपुरात मात्र नेमक्या याच दिवसांत शेजघरातला देवाचा पलंग काढून ठेवतात. काकडा नाही, शेजारती नाही, रात्रंदिवस दर्शन. लोक अडीचशे किलोमीटर चालून आले आहेत, रांग संपेपर्यंत देवाने उभंच राहायचं. टेकायला म्हणून पाठीशी कापसाचा लोड ठेवतात. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते. गर्दीत इतके दिवस उभं राहून आलेला शिणवटा जावा म्हणून पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, पलंग परत आत येतो. आणि रात्री झोपायच्या आधी देवाला काढा देतात.